कोकोचा पेला आणि कापसाचे गाव



वसंतातल्या व्याख्यानमालेत, आणि तेही अकोल्यासारख्या गावी, थंडीच्या दिवसांतल्या एका गरम पेयाविषयी बोलायचे हे थोडे धाडसच आहे. ज्या गावच्या उन्हाळ्याची नोंद ४७.८ अंशांपर्यंत गेली आहे, तेथील श्रोत्यांनी या दिवसांत पन्ह्याचा इतिहास मागितला असता तर तो त्यांचा हक्कच ठरला असता. परंतु याच अकोल्याच्या हवामानाच्या जुन्या नोंदींत १८८७ सालच्या फेब्रुवारी महिन्यात पारा २.२ अंशांवर उतरल्याचेही नमूद आहे. वऱ्हाडची थंडी महिना-दीड महिन्याची पाहुणी असते. पण आली म्हणजे ती हाडात शिरते. अशा रात्री घरात काही दाट, गोड, कढत प्यावेसे वाटते. आजकाल पुष्कळ घरांत अशा वेळी जे पेय मुले मागतात, त्याला आपण कोको म्हणतो, कोणी हॉट चॉकलेट म्हणतात. त्याचाच इतिहास मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

विषय किरकोळ वाटेल. पण राजांच्या लढाया हाच केवळ इतिहास, ही समजूत आता मागे पडली आहे. चुलीवर काय शिजले, ते कोणी पिकवले आणि त्याचा दाम कोणाच्या पदरात पडला, हाही इतिहासच आहे. कोकोच्या पेल्याविषयी मला दोन प्रश्न विचारावयाचे आहेत. हे परके पेय ज्या ज्या घरात गेले त्या त्या घराचे कसे झाले, हा पहिला. आणि या साऱ्या प्रवासात ते पिकवणाऱ्याच्या वाट्याला काय आले, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर गोड आहे. दुसऱ्याचे तसे नाही. आणि ते समजण्याची पात्रता कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडाइतकी क्वचितच कोणाच्या अंगी असेल.

प्रथम आपल्या घरापासूनच सुरुवात करू. मोर्णा नदीने अकोल्याचे दोन भाग केले आहेत. पश्चिम काठावर जुने शहर: राजराजेश्वराचे देऊळ, असदगडाचा कोट, दहीहंडा वेस. पूर्वेकडे ताजनापेठ, आणि इंग्रजी अमलात त्या अंगाला वाढलेल्या कचेऱ्या, बंगले, रेल्वेस्टेशन. जुन्या शहरातल्या स्वयंपाकघरांना थंडीतले दाट पेय कोणी शिकवावे लागले नव्हते. आश्विनातल्या कोजागिरीला आटवलेले मसाल्याचे दूध झाले, की पुढे खारीक घातलेले दूध, खसखशीची खीर, सुंठ-गुळाचा काढा, अळिवाची खीर असा क्रम हिवाळाभर चाले. यांतील दाटपणा कोठून येतो ते पाहा. खसखस, बदाम, खोबरे, खारीक यांचा वाटून काढलेला स्निग्ध अंश आणि आटलेल्या दुधाची साय, या दोहोंतून तो येतो. बिया भाजून, पाट्यावर वाटून, ऊन द्रवात घुसळून प्यावयाच्या, ही रीत आपल्या आजीबाईंना पाठ होती. कोकोचे मूळ नेमके याच रीतीत आहे, आणि ते पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला आहे.

मध्य अमेरिकेतील माया आणि अझ्टेक लोक कोकोच्या शेंगेतील बिया आंबवीत, वाळवीत, भाजीत आणि दगडी पाट्यावर वाटीत. त्या पाट्याला ते मेटाटे म्हणतात. त्यावरचा आडवा वरवंटा पाहिला तर आपल्या घरातलाच कोणीतरी उचलून तिकडे नेला असे वाटावे. वाटलेला गोळा ते पाण्यात कालवीत. त्यात मक्याचे पीठ घालीत, सुवासिक फुले घालीत आणि मिरचीही घालीत. साखर त्यांना ठाऊक नव्हती. मिरची घातलेले कडू पेय ऐकून पुण्या-मुंबईचा श्रोता दचकेल. वऱ्हाडच्या श्रोत्याला त्यात काही विशेष वाटू नये. पेयावर फेस यावा म्हणून ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून धार धरीत. आपल्या चौकातला दूधवाला कढईवर उभा राहून आजही हेच करतो. पुढे स्पॅनिश लोकांच्या काळात त्यासाठी दोन तळव्यांत फिरवावयाची लाकडी घुसळणी प्रचारात आली. आपल्या रवीची ती सख्खी बहीण शोभेल. त्या देशात कोकोच्या बिया नाण्यासारख्या चालत. बाजारात त्या मोजून माल मिळे आणि राजाचा करही त्यांतच भरला जाई. पैसाच पिण्याची ही चैन साहजिकच राजे, सरदार आणि मोठे व्यापारी यांनाच परवडे.

कोलंबसानंतर अमेरिकेतून किती वस्तू आपल्याकडे आल्या याचा विचार केला तर मन थक्क होते. मिरची आली, भुईमूग आला, बटाटा, मका, पेरू, सीताफळ, टोमॅटो आले. ज्या कंदाचा साबुदाणा आपण खातो तोही तिकडचाच. आपल्या एकादशीचे ताट पाहा: साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, हिरवी मिरची. हे सगळे समुद्रापलीकडून आले आणि आपण त्याला उपासाचे पावित्र्यही दिले. गंमत अशी की, युरोपात कोको पोचला तेव्हा तिकडील धर्मपंडितांतही हाच वाद माजला: चॉकलेट प्याल्याने उपास मोडतो की नाही? सतराव्या शतकात एका कार्डिनलने निर्वाळा दिला की, जे पातळ आहे त्याने उपास मोडत नाही. आपल्याकडे दूध आणि कॉफी याच न्यायाने उपासाला चालत आली आहेत. माणसाची सोय आणि शास्त्र यांची गाठ सर्वत्र सारखीच पडते, असे दिसते.

मग मिरची आली, भुईमूग आला, आणि कोको का आला नाही? याची कारणे निसर्गातच आहेत. मिरचीचे बी वाळवून गाठोड्यात बांधले तर वर्ष-दोन वर्षे टिकते. कोकोचे बी शेंगेबाहेर काढून सुकले की थोड्याच दिवसांत त्याची उगवणशक्ती मरते. शिवाय हे झाड सदाहरित अरण्यातले, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारे. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना सुमारे २० अंशांपर्यंत, जेथे बारा महिने ओलावा आहे तेथेच ते सुखाने नांदते. अकोला साडेवीस अंशांच्या किंचित वर आहे. पण खरी अडचण अक्षांशाची नाही, कोरड्या उन्हाची आणि पूर्णेच्या खारपाणपट्ट्याची आहे. हिंदुस्थानात ईस्ट इंडिया कंपनीने १७९८ साली दक्षिणेत कुर्तालम येथे कोकोची रोपे लावून पाहिली. पण पीक म्हणून तो आपल्या देशात रुजला तो १९६० नंतर, केरळ आणि कर्नाटकातील नारळ-सुपारीच्या बागांच्या सावलीत. आंध्र आणि तामिळनाडूतही मग तो पसरला. सुपारी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था कॅम्पको १९७३ साली मंगळूरला निघाली आणि तिने १९८६ साली पुत्तूरला स्वतःचा चॉकलेटचा कारखाना उभा केला. ही हकीगत ध्यानात ठेवावी; पुढे तिची आठवण मला करून द्यावयाची आहे.

युरोपात हे पेय कसे बदलत गेले ते आता पाहू. १५४४ साली ग्वाटेमालाकडील माया लोकांचे एक शिष्टमंडळ स्पेनच्या राजपुत्राला भेटले, आणि त्यांनी नेलेल्या नजराण्यात चॉकलेट होते. स्पॅनिश घरांनी त्यातली मिरची हळूहळू काढली आणि साखर, दालचिनी घातली. साखर आली ती कॅरिबियन बेटांवरील मळ्यांतून, आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या श्रमातून. म्हणजे पेय गोड झाले त्याच क्षणी त्यात दुसऱ्याच्या दुःखाचाही अंश मिसळला. लंडनमध्ये १६५७ साली चॉकलेटचे पहिले दुकान निघाले आणि १६९३ साली व्हाइट्स नावाचे प्रसिद्ध चॉकलेटगृह सुरू झाले. त्याच सुमारास इकडे औरंगजेबाचा वजीर असदखान याच्याकडे अकोल्याची जहागीर होती आणि त्याच्या नावाचा असदगड मोर्णेकाठी उभा राहत होता. लंडनच्या त्या दुकानात बसून राजकारण करणाऱ्यांना अकोला ठाऊक नव्हते, आणि अकोल्याला चॉकलेट ठाऊक नव्हते. त्या दोघांची गाठ पुढे कापसाने घालून दिली.

पण तोवर कोकोचे रूपच पालटले होते. कोकोच्या बीमध्ये निम्म्याच्या आसपास स्निग्धांश असतो. त्यामुळे जुने चॉकलेट पचायला जड होई, त्यावर तेलाचा तवंग येई. तो शोषला जावा म्हणून त्यात अरारूट, साबुदाणा यांची पिठे घालीत. आणि लबाड व्यापारी लाल मातीसुद्धा मिसळीत. १८२८ साली हॉलंडमधील व्हान हौटेन यांच्या कारखान्यात बी दाबून त्यातले बरेचसे लोणी काढून टाकण्याचा दाबयंत्राचा शोध लागला. उरलेल्या पेंडीची भुकटी म्हणजे आजचा कोको. ही भुकटी पाण्यात चांगली मिसळावी म्हणून तिला सौम्य क्षाराचा संस्कार देण्याची युक्तीही त्यांचीच. काढलेल्या लोण्याचे पुढे काय झाले? १८४७ साली इंग्लंडच्या फ्राय कंपनीने ते साखर-कोकोत परत मिसळून खाण्याची वडी काढली, आणि १८७५ साली स्वित्झर्लंडच्या डॅनिएल पीटर यांनी तिच्यात दूध घातले. चॉकलेट प्यावयाचे ते खावयाचे झाले. आज आपल्या मराठीत तर कागदात गुंडाळलेल्या कोणत्याही गोळीला मुले चॉकलेट म्हणतात, मग तीत कोकोचा कणही नसो.

या इतिहासातून स्वयंपाकघरासाठी एक धडा निघतो, आणि माझ्या मते तो महत्त्वाचा आहे. दाबयंत्राने कोको स्वस्त केला, पण त्यातला दाटपणा काढून घेतला. तो दाटपणा परत घालण्याचे काम प्रत्येक घराला आपापल्या कोठीतून करावे लागले. मेक्सिकोच्या घराने मक्याचे पीठ घातले होते, इंग्लंडच्या घराने दूध घातले. वऱ्हाडच्या घरापाशी काय आहे? पूर्णेच्या खोऱ्यातली भुरकट रंगाची पूर्णाथडी म्हैस आहे, लांब तलवारीसारख्या शिंगांची नागपुरी म्हैस आहे; त्यांचे सायीचे दूध आहे. जायफळ आहे, सुंठ आहे, खसखस आहे, बदाम आहे. म्हणून जुन्या शहरातल्या घरात केलेला दाट कोको ही साहेबाची नक्कल आहे असे मी मानीत नाही. मेक्सिकोपासून चालत आलेल्या रीतीतला तो पुढचा टप्पा आहे.

आता कृतीविषयी चार शब्द. चौघांसाठी पाऊण लिटर सायीचे दूध घ्यावे. एका गंजात कोकोची भुकटी चहाचे चार चमचे शीग भरून, तितकीच साखर आणि चिमूटभर मीठ कोरडेच एकत्र करावे. नुसता कोको दुधात टाकला तर त्याच्या गुठळ्या होऊन तरंगतात. कारण त्यातला उरलासुरला स्निग्धांश आणि पिष्ट यांना पाणी एकदम भिजवू शकत नाही. साखरेबरोबर चोळल्याने कण सुटे होतात. मग त्यात चार-पाच चमचे कढत पाणी घालून गंधासारखे दाट कालवण करावे आणि मंद आचेवर मिनिटभर खदखदू द्यावे. कच्चा वास जातो. त्यानंतर ऊन दूध थोडे थोडे घालीत हलवावे, आणि पाच-सात मिनिटे मंद आचेवर ठेवावे. तळाशी चमचा फिरत राहिला पाहिजे; दूध लागले तर कोकोही करपट होतो. आणखी दाट हवे असेल तर वाटलेली खसखस किंवा बदाम, नाहीतर थंड दुधात कालवलेले चमचाभर मक्याचे पीठ घालावे. गंज सांडशीने खाली उतरवून मगच ५०-६० ग्रॅम गडद चॉकलेट चिरून त्यात विरघळू द्यावे. म्हणजे दाबयंत्राने काढून घेतलेले लोणी आपण परत घातले. वर जायफळ किसावे आणि रवीने फेस येईतो घुसळावे. गूळ घालावयाचा असेल तर तो आचेवरून उतरवल्यावर आणि दूध किंचित निवल्यावरच घालावा, एरवी दूध फाटण्याचा संभव असतो. ज्यांना मूळ चवीची ओढ असेल त्यांनी सुंठीबरोबर मिरचीची एक चिमूट घालून पाहावी. वऱ्हाडची जीभ तिला दूर लोटणार नाही.

इतकी साधी कृती असताना हे पेय आपल्याकडे घरोघर का पसरले नाही, आणि चहा का पसरला? याचेही उत्तर दुधात आहे. १८६७ साली मुंबईहून निघालेला रूळ अकोल्यावरून नागपूरला पोचला आणि विलायती मालाचे डबे पेठेत येण्याची वाट मोकळी झाली. इंग्रजांच्या बंगल्यांत कोको हे आजारातून उठलेल्याचे, लहान मुलांचे, रात्रीचे पेय होते. आपल्याकडील डॉक्टरी शिकलेल्या वर्गातही तो याच नात्याने शिरला. त्याला भरपूर दूध लागते. चहाचे तसे नाही; पाण्यात दुधाचे बोट लावले तरी चहा होतो. चहाच्या मळेवाल्यांनी १९०३ पासून कर बसवून प्रचारनिधी उभा केला, आणि विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात गावोगाव चहा करून दाखवणारी माणसे पाठवली. ज्या घरात दूध पेल्याने मोजले जाते, त्या घराने चहाच निवडला यात नवल नाही. १९४८ साली कॅडबरीने मुंबईत व्यवसाय सुरू केला, तेव्हापासून माल्ट आणि साखर मिसळलेल्या डबाबंद भुकट्या मध्यमवर्गात आल्या. आणि पुढे १९७० साली सुरू झालेल्या दूधमहापूर योजनेने शहरांत दूधही वाढले. पण डब्यातल्या त्या भुकटीत कोको थोडा आणि साखर फार, हे आता आपण डब्यावरचे बारीक अक्षर वाचून जाणतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये भारत सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितले की, अशी पेये आरोग्यपेय या सदराखाली विकू नका. घरी केलेल्या कोकोचा पहिला लाभ हाच की, त्यात साखर किती हे आई ठरवते.

दूध आपले, साखर आपली, जायफळही आपल्याच देशातले. पेल्यातला कोको तेवढा बहुतेक परका. तो कोणाचा, हे विचारल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. आणि येथे आपल्याला कापसाकडे वळावे लागते.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हाती सोपवले. पुढे आठ वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील गुलामांनी पिकवलेला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि साऱ्यांचे डोळे आपल्या काळ्या मातीकडे वळले. अमरावतीचे जुने नाव उमरावती. त्यावरून मुंबईच्या आणि लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला ऊमरा म्हणत. १८६१ ते १८६५ भाव चढले, युद्ध संपताच कोसळले. १८७० साली खामगावपर्यंत केवळ कापसासाठी रुळाचा फाटा आला. म्हणजे ज्या रुळाने कोकोचा डबा येऊ शकत होता, तो रूळ टाकला गेला होता आपला कापूस नेण्यासाठी. आणि १८९९-१९०० च्या दुष्काळाने दाखवून दिले की, नगदी पिकाचा पैसा शेतकऱ्याच्या घरात साठलेला नव्हता.

आता तिकडे आफ्रिकेत काय चालले होते? विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडच्या नामांकित कारखान्यांना कोको पुरवणाऱ्या पोर्तुगीजांच्या साओ टोमे बेटावर, कराराचे मजूर या नावाखाली, अंगोलातून धरून आणलेली माणसे गुलामांसारखी राबत होती. हेन्री नेव्हिन्सन या पत्रकाराने १९०४-०५ मध्ये तिकडे जाऊन हे उघड केले. कॅडबरी कंपनीने १९०९ साली तेथील कोको घेणे बंद केले. पण त्याआधीच, हे कळूनही कंपनी तो कोको घेत राहिली, असा ठपका एका वृत्तपत्राने ठेवला होता. त्यावर कंपनीने लावलेला अब्रूनुकसानीचा दावा १९०९ सालीच चालला. पंचांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला आणि भरपाई दिली ती एका फार्दिंगची, म्हणजे पाव पेनीची. त्या फार्दिंगवर अधिक भाष्य करण्याची गरज नाही.

पुढे कोकोचे केंद्र गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, येथे गेले. तेथे १८७९ च्या सुमारास टेटे क्वार्शी या कारागिराने फर्नांदो पो बेटावरून बी आणून लावल्याचे मानतात. मोठे मळे नव्हे, तर लहान शेतकरी हे पीक काढू लागले, आणि १९११ पर्यंत तो देश जगात पहिला झाला. हा शेतकरी आपल्यासारखाच. त्याचा मुख्य हंगाम ऑक्टोबर ते मार्च; म्हणजे दसऱ्यानंतर इकडे कापसाची वेचणी चालू असते तेव्हा तिकडे शेंगा फोडल्या जातात. त्याच्याही दारी दलाल, त्याच्याही डोक्यावर हंगामापूर्वीचे कर्ज, त्याचाही भाव दूरच्या बाजारात ठरलेला. १९३७ साली युरोपीय खरेदीदार कंपन्यांनी आपसात करार करून भाव पाडला, तेव्हा त्या शेतकऱ्यांनी हंगामभर कोको विकण्याचेच नाकारले. १९३८ च्या वसंतात तडजोड झाली, आणि त्या झगड्यातूनच पुढे १९४७ साली सरकारी खरेदी मंडळ स्थापन झाले.

आता आपला इतिहास त्याच्या शेजारी ठेवा. देशातला पहिला नियंत्रित बाजार १८८६ साली कारंज्याला, आपल्याच वऱ्हाडात, निघाला. १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्यबाजाराचा कायदा झाला. मात्र त्याच्या समित्यांवर वर्चस्व व्यापाऱ्यांचेच राहिले. १९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. भावाची हमी मिळाली, आणि चुकाऱ्यासाठी ताटकळत बसणेही वाट्याला आले. घानाच्या मंडळाची कथाही बरीच अशीच आहे. दोन खंड, दोन पिके, आणि अनुभव मात्र एकच: बाजाराचा काटा पिकवणाऱ्याच्या हाती यावा यासाठी शंभर वर्षे झगडावे लागते, आणि आला तरी तो तेथे टिकवावा लागतो.

हा जुना काळ झाला असे कोणी म्हणेल. २०२४ साली जगाच्या बाजारात कोकोचा भाव टनाला १०,००० डॉलरांच्या पलीकडे गेला. पण घाना आणि आयव्हरी कोस्ट या जगातला निम्म्याहून अधिक कोको पिकवणाऱ्या देशांत शेतकऱ्याचा भाव सरकार हंगामाच्या आरंभी बांधून देते. त्यामुळे ती तेजी त्याच्या दारापर्यंत पोचता पोचता क्षीण झाली. तेथील बागांत लहान मुले राबतात म्हणून २००१ साली बड्या चॉकलेट कंपन्यांनी त्यांची सुटका करण्याचा करार केला. ते काम अद्याप पुरे झालेले नाही. विदर्भातल्या कापूस उत्पादकाच्या घरावर कोसळलेली संकटे ज्यांनी डोळ्यांनी पाहिली आहेत, त्यांना याहून अधिक सांगावयास नको. कापूस वेचणाऱ्या बाईच्या अंगावर धड लुगडे नसते, हे आपण पिढ्यान् पिढ्या पाहिले. कोकोची शेंग फोडणाऱ्यांत ज्यांनी चॉकलेट कधी चाखले नाही अशी माणसे पुष्कळ आहेत. ही दोन्ही माणसे एकाच कुळातली आहेत.

तर मग आपण काय करावे? पेला खाली ठेवावा असे मी म्हणणार नाही. कोको पिणे सोडल्याने घानाच्या शेतकऱ्याचे पोट भरत नाही. उलट त्याचे गिऱ्हाईक तुटते. पण घेताना दोन गोष्टी पाहता येतात. पहिली, साखरेचा डबा न घेता शुद्ध कोको घ्यावा आणि दाटपणा आपल्या दुधातून आणावा. म्हणजे पैशातला काही भाग मोर्णेच्या आणि पूर्णेच्या काठच्या गवळ्याकडे जातो. दुसरी, शक्य तेथे ज्या कोकोत पिकवणाऱ्याचा वाटा आहे तो शोधावा. पुत्तूरच्या कारखान्याची आठवण मी मघाशी ठेवण्यास सांगितले ती यासाठी. सुपारीचा शेतकरी एकत्र येऊन आपल्या बागेतल्या कोकोचे चॉकलेट स्वतः करू शकला, आणि पीक कच्चेच विकले पाहिजे हा काही सृष्टीचा नियम नाही हे त्याने सिद्ध केले. १९६९ साली ज्या अकोल्यात पंजाबराव देशमुखांच्या नावाचे कृषी विद्यापीठ उभे राहिले, त्या अकोल्याने हा धडा कापसाच्या बाबतीतही गिरवावा अशी अपेक्षा ठेवणे गैर होणार नाही. सरकीपासून कापडापर्यंतची वाट जितकी गावात राहील, तितका दाम गावात राहील.

पौषातल्या एखाद्या रात्री आपल्या घरात रवी फिरेल, पेल्यांवर फेस येईल, मुले ओठांवर चॉकलेटी मिशा काढून हसतील. त्या वेळी त्यांना मेक्सिकोच्या पाट्याची गोष्ट सांगा, मिरचीची सांगा, त्या फार्दिंगची सांगा. आणि हेही सांगा की, आपल्या आजोबांनी कापसाची गाडी हर्राशीत उभी करून भावाची वाट पाहिली, तशीच वाट पाहणारा कोणीतरी आजोबा या पेल्याच्या दुसऱ्या टोकाला, समुद्रापलीकडे, याच महिन्यात उभा आहे. मुलांना एवढे उमगले तर थंडीतल्या त्या पेल्याचे चीज झाले असे मी मानीन.